चौथ्या महिन्यातली मूठ: सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: पक्षाघातानंतर आखडलेले हातपाय आणि शॉकवेव्ह मशीनची खरेदी

महोदय,

पक्षाघाताचा झटका आला की साडेचार तासांच्या आत पेशंटला इस्पितळात पोचवायचं, ही गोष्ट आता बऱ्याच घरांपर्यंत पोचली आहे. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनमुळे काही माणसं आपल्या पायांनी चालत घरी जातात, हे मी पाहिलं आहे आणि त्याचं मोल मला कळतं. पण हे पत्र त्या पहिल्या तासांबद्दल नाही, चौथ्या महिन्याबद्दल आहे. तोवर पेशंट घरी आलेला असतो, भेटायला येणाऱ्यांची रीघ आटलेली असते, बीपीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात, आणि लुळा पडलेला हात हळूहळू छातीकडे आखडत चाललेला असतो. कोपर दुमडलेलं, मनगट खाली मुडपलेलं, अंगठा आत आणि त्यावर चार बोटं घट्ट आवळलेली.

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे स्वतःचं रेडिअल शॉकवेव्ह मशीन आहे. ते टाचदुखी आणि खांदेदुखीसाठी घेतलं, पण लकव्याच्या पेशंटवरही वापरते. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते या उपचाराच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे अशी मशीनं वाढली. ‘लकव्यावर बिनाऑपरेशन इलाज’, ‘पाच सेशनमध्ये हात मोकळा’ असे बोर्ड दिसू लागले. जिल्हा रुग्णालयांतही हे मशीन हवं, अशी मागणी आज ना उद्या आपल्या टेबलावर येईल. ती आली की फाइलवर सही करण्यापूर्वी आपण हे चार शब्द वाचावेत, एवढ्यासाठी हा प्रपंच.

आधी ती मूठ म्हणजे काय ते सांगते, कारण सरकारी कागदांत तिची नोंद बहुधा ‘उजव्या बाजूचा अर्धांगवायू’ एवढीच असते.

माझ्या एका पेशंटची बायको रोज अंघोळीच्या वेळी त्यांची मूठ उघडते. ती आधी मनगट आणखी खाली वाकवते, म्हणजे बोटांच्या शिरा जरा सैल पडतात. मग करंगळीच्या बाजूने एकेक बोट सोडवत जाते. घाईने ओढलं की मूठ आणखी आवळते, हे तिला कोणी शिकवलेलं नाही. आत तळव्यावर घाम साचून पांढरी पडलेली कातडी असते, आंबूस वास असतो, आणि नख वाढलं असेल तर त्याचा अर्धचंद्र तळव्यात रुतलेला असतो. ती ओल्या फडक्याने पुसते, कोरडं करते, सुती कापडाची गुंडाळी ठेवते आणि बोटं परत मिटू देते. त्या माणसाच्या हाताला ताकद किती आली, हा प्रश्न तिच्यासाठी आता दूरचा आहे. तिला हवं आहे ते एवढंच, की नखं काढताना त्यांनी ओरडू नये आणि शर्टाची बाही चढवताना दोन माणसं लागू नयेत.

हे का होतं? स्नायू ताणला गेला की तो उलट आकसतो, ही मज्जारज्जूची उपजत प्रतिक्रिया आहे. मेंदू वरून तिला सतत लगाम घालत असतो. पक्षाघातात तो लगाम सुटतो. म्हणून हात झटक्यात सरळ करू गेलं की तो अडतो, आणि सावकाश नेला की बराच पुढे जातो. पेशंट तपासताना आम्ही हेच करून पाहतो, एकदा हळू आणि एकदा वेगाने. पण गोष्ट मज्जातंतूंवर थांबत नाही. महिनोन्‌महिने आखूड अवस्थेत राहिलेला स्नायू आतून बदलतो. त्यात तंतुमय ऊती वाढते, त्याचा लवचीकपणा जातो, आणि एका टप्प्यानंतर हात हळू नेला तरी सुटत नाही. पहिली अवस्था उपचाराला दाद देते. दुसरी फारशी देत नाही. या दोहोंमध्ये जो काळ असतो तोच आपल्या व्यवस्थेत कोणाच्याही वाट्याला नाही. न्यूरोलॉजिस्टचं काम संपलेलं असतं आणि अपंगत्वाच्या दाखल्याची रांग अजून सुरू झालेली नसते.

त्या काळात घरी काय चालतं तेही सांगते. कोणी तेल जिरवतं, कोणी पारव्याचं रक्त चोळायला सांगतं. आणि जवळजवळ प्रत्येक घरात एक रबरी चेंडू असतो, ‘दाबत राहा, ताकद येईल’ म्हणून दिलेला. मूठ आधीच वळलेल्या माणसाला चेंडू दाबायला लावणं म्हणजे जी बोटं मिटायला टपली आहेत त्यांना मिटण्याचाच सराव देणं. त्याला सराव हवा असतो बोटं उघडण्याचा. एवढी साधी गोष्ट सांगणारं माणूस तालुक्याच्या ठिकाणी नसतं.

आता मशीनबद्दल. शॉकवेव्हचा वैद्यकातला प्रवेश मुतखड्यामुळे झाला. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये पहिल्यांदा एका माणसाचा खडा शरीराबाहेरून सोडलेल्या ध्वनिलहरींनी फोडण्यात आला. ते यंत्र डॉर्निअर या विमानं बनवणाऱ्या कंपनीने तयार केलं होतं. पुढे याच लहरी कमी ताकदीने टाचदुखी, खांद्यातला चुना, न जुळणारी हाडं यांवर वापरल्या जाऊ लागल्या. ताठर स्नायूंबाबत ज्याचा उल्लेख आजही सगळे करतात तो अभ्यास इटलीतल्या वेरोना इथला, २००५ सालचा. मांगानोत्ती आणि अमेलिओ या डॉक्टरांनी पक्षाघाताच्या २० पेशंटना आधी खोटा उपचार दिला, म्हणजे आवाज तोच पण लहरी नाहीत. नंतर खरा, आणि तोही फक्त एकदाच. हाताच्या पुढच्या भागातल्या, बोटं आणि मनगट वाकवणाऱ्या स्नायूंवर १५०० ठोके, आणि पंजातल्या बारीक स्नायूंवर वेगळे. ऊर्जा अगदी कमी, दर चौरस मिलिमीटरला ०.०३ मिलिज्यूल. खोट्या उपचाराच्या तुलनेत खऱ्याने ताठरपणा स्पष्ट उतरला, चार आठवड्यांनीही उतरलेला राहिला, आणि बारा आठवड्यांनी वीसपैकी दहा जणांत टिकून होता.

त्यानंतर इटली, तैवान, कोरिया, चीन अशा अनेक ठिकाणी छोटे-मोठे अभ्यास झाले. तैवानमधल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ४२ पेशंटच्या एका चाचणीत शॉकवेव्हची तुलना बोट्युलिनम टॉक्सिनच्या, म्हणजे लोक ज्याला बोटॉक्स म्हणतात त्या इंजेक्शनशी केली. मनगटाचा ताठरपणा कमी करण्यात शॉकवेव्ह त्या इंजेक्शनच्या मागे पडली नाही. आपल्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे. बोट्युलिनमचा असर साधारण तीन-चार महिने राहतो, हातासाठी पुष्कळदा एकाहून जास्त कुप्या लागतात, आणि एका कुपीतच शेतमजुराची महिन्याची कमाई जाते. त्यातून ते अचूक स्नायूत टोचणारा डॉक्टर जिल्ह्यात मिळेलच असं नाही. बॅक्लोफेनसारख्या गोळ्या स्वस्त आहेत, पण त्या साऱ्या शरीरावर काम करतात. पेशंट पेंगुळतो, आणि जो चांगला हात-पाय आहे तोही ढिला पडतो.

म्हणजे मशीन घ्यायला हरकत कुठली, असं आपण विचाराल. एकेक करून सांगते.

लहरींनी नेमकं काय होतं यावर अजून एकमत नाही. स्नायूच्या ऊतीचा कडकपणा कमी होतो, नायट्रिक ऑक्साइड वाढतं, जिथे मज्जातंतू स्नायूला भेटतो तिथल्या जोडणीवर परिणाम होतो, अशा वेगवेगळ्या उपपत्ती आहेत. पण मेंदूतली जखम याने भरत नाही, हे सगळ्यांना मान्य आहे. आम्ही ताठरपणा अॅशवर्थच्या मोजपट्टीने मोजतो, ० ते ४. शॉकवेव्हने तो सरासरी एका पायरीच्या आसपास उतरतो. ही उतरण खरी आहे, नखं काढणाऱ्या बायकोला ती त्याच दिवशी जाणवते. पण मूठ सैल झाली म्हणून हात ग्लास उचलू लागत नाही. अभ्यासांत ताठरपणा कमी झाल्याचे आकडे भरपूर सापडतात. हात रोजच्या कामाला किती लागला याचे आकडे विरळ आहेत आणि आहेत तेही उत्साह वाढवणारे नाहीत. बोर्डावरचं ‘लकवा बरा’ हे वाक्य म्हणूनच खोटं आहे.

माझ्या टेबलावर हा उपचार कसा होतो पाहा. हात उशीवर ठेवायचा, जेल लावायचं, आणि पिस्तुलासारखं हँडपीस स्नायूच्या फुगीर भागावर टेकवायचं. आत दाबाच्या हवेने एक छोटा धातूचा तुकडा पुढे फेकला जातो आणि टोकावर आदळतो. टकटकटक असा आवाज येत राहतो. सेकंदाला पाच ठोके धरले तर १५०० ठोके पाच मिनिटांत संपतात. कातडी थोडी लाल होते, क्वचित बारीक रक्ताचे ठिपके उमटतात. (अशा हवेच्या मशीनच्या लहरी काटेकोर अर्थाने शॉकवेव्ह नव्हेत, दाबाच्या लहरी आहेत. त्यांचा जोर कातडीपाशी सर्वांत जास्त असतो आणि खोल जाताना विरतो. फोकस्ड मशीन खोलवर जोर साधतं, पण त्याची किंमत बरीच जास्त. खरेदीच्या निविदेत हा फरक पुसला जाऊ नये.)

पाच मिनिटं संपली की मशीनचं काम झालं. माझं काम तिथून पुढे सुरू होतं. आता मनगट उचलता येतं, म्हणून त्याला टेबलाच्या कडेवर तळवा टेकवून वजन द्यायला लावायचं. वाटीतले चिंचोके उचलता नाही आले तरी सोडता येतात का पाहायचं, कारण या हाताला पकडण्यापेक्षा सोडणं अवघड असतं. रात्री बांधायचं स्प्लिंट नव्याने वळवायचं, कारण कालचं आज बसत नाही. नातेवाइकाला शिकवायचं. हे आठवड्यातून तीन-चारदा, असं कित्येक आठवडे. स्नायू सैल असतानाचे ते दिवस असे वापरले गेले नाहीत, तर मूठ पुन्हा वळते आणि पेशंट पुन्हा पैसे घेऊन पुढच्या सेशनला येतो. मशीन ज्याने कर्जावर घेतलं आहे त्याला हे परवडतं. पेशंटला परवडत नाही.

सरकारी रुग्णालयात उलट घडेल अशी मला भीती आहे. मशीन येईल, उद्‌घाटन होईल, आणि ते चालवायला माणूस नसेल, किंवा एकच असेल आणि त्याच्यासमोर हाड मोडलेल्यांपासून पोलिओनंतरच्या पायांपर्यंत सगळी रांग असेल. मग पाच मिनिटांचे ठोके देऊन ‘पुढच्या आठवड्यात या’ असं सांगितलं जाईल. वाट वाकडी करून, दोन एसट्या बदलून आलेला माणूस दुसऱ्यांदा येणार नाही.

‘बाकीचं घरच्यांना शिकवा, घरी करून घेतील’ असं यावर हमखास सुचवलं जातं. ऐकायला बरं वाटतं, आणि घरच्यांना शिकवायला हवंच. पण केवळ त्यावर विसंबता येतं का, हे आपल्याच देशात तपासून झालं आहे. अटेंड नावाची मोठी चाचणी भारतातल्या १४ रुग्णालयांत झाली, १२५० पेशंट त्यात होते, आणि निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाच्या नातेवाइकांना पुनर्वसनाचं पद्धतशीर प्रशिक्षण दिलं, दुसऱ्या गटाला नेहमीचीच सेवा. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व यांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के निघालं. घरच्यांनी कष्ट केले नाहीत असा याचा अर्थ मी लावत नाही. कुटुंबाच्या प्रेमावर तज्ज्ञ माणसाच्या जागेचा भार टाकता येत नाही, असा लावते.

म्हणून माझी पहिली मागणी मशीनची नाहीच. आधी माणसाची आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यासाठी २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आणि त्याखालच्या पातळीवर पुनर्वसन कर्मचारी यांची तरतूद आहे. बालकांच्या लवकर निदान आणि उपचार केंद्रांतही फिजिओथेरपिस्टची जागा असते. नवीन योजना काढण्याची गरज नाही. या जागा भरा, कंत्राटाच्या टांगत्या तलवारीखाली ठेवू नका, आणि उपजिल्हा रुग्णालयापर्यंत न्या. आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी तिथे पक्षाघाताची ओपीडी चालावी. त्या ओपीडीत मूठ तपासली जाईल, पण आणखीही काही तपासलं जाईल. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाठीची जखम, रुतलेलं नख, यांपैकी काहीही झालं तरी ताठरपणा वाढतो. ज्याच्यासाठी मशीन लावायचं म्हणून पेशंट येतो त्याचं कारण पुष्कळदा असं साधं निघतं आणि त्यावरचा उपाय रुग्णालयाच्या औषधखिडकीतच असतो.

दुसरी मागणी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल. ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती रचलेली आहे. माझ्याकडे येणारी माणसं केशरी आणि पिवळी शिधापत्रिका असलेली आहेत आणि फिजिओथेरपीचे पैसे खिशातूनच भरतात. त्यांतली बरीच दुसऱ्या महिन्यात येणं थांबवतात, आणि सहाव्या महिन्यात हात पूर्ण आखडल्यावर परत येतात. योजनेत काही उपचारांनंतरच्या फॉलोअपसाठी पॅकेजं आहेत, म्हणजे ही कल्पना तिला परकी नाही. पक्षाघातानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांच्या बाह्यरुग्ण पुनर्वसनाचं एक पॅकेज त्यात घालावं. त्या पॅकेजच्या आत, फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर दोघांनी गरज लिहून दिली तर, शॉकवेव्ह असावी. स्वतंत्र ‘मशीनचं पॅकेज’ मात्र करू नये. तसं केलं की गरज नसलेल्या पायांवरही ठोके पडू लागतील.

हे मी उगाच म्हणत नाही. काही पेशंटचा पाय ताठ असतो म्हणूनच ते उभे राहू शकतात. त्या पायाची ताकद गेलेली असते, ताठरपणा त्यांना टेकूसारखा उपयोगी पडतो. तो काढून घेतला तर माणूस पडतो. तसंच पोटरीत रक्ताची गुठळी असेल तर तिथे लहरी देणं धोक्याचं. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना देण्यापूर्वी दहादा विचार करावा लागतो, आणि पक्षाघाताच्या पेशंटमध्ये अशी माणसं कमी नसतात. छातीवर, फुप्फुसासमोर, गाठीच्या जागी, गरोदरपणात या लहरी द्यायच्या नसतात. आमच्या भागात हे प्रश्न न विचारताच मशीन लावलं गेल्याचं मी पेशंटच्या तोंडून ऐकते. ते मशीन चालवणारा फिजिओथेरपिस्ट तरी असतो की नाही, याचीही खात्री नसते. राज्यात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची परिषद आहे, संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी २०२१ साली कायदाही केला. नोंदणीकृत माणसाशिवाय या मशीनने पक्षाघाताचा उपचार करता येणार नाही, आणि ‘बरा करतो’ अशी जाहिरात करता येणार नाही, एवढा आदेश काढायला आपल्याला नवा कायदा लागणार नाही.

तिसरी मागणी जरा वेगळी आहे, पण माझा जीव तिच्यात आहे. वर सांगितलेले अभ्यास वेरोनातले, तैपेईतले. तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू होतील असं नाही. आपल्याकडचा पेशंट उशिरा येतो, मधेच थांबतो, आणि त्याच हाताने त्याला विळा धरायचा असतो किंवा तिला भाकरी थापायची असते. आपल्याकडे तपासण्याची सोय नाही असंही नाही. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. राज्यात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. सरसकट खरेदी करण्याऐवजी चार-पाच जिल्ह्यांत मशीन द्यावं, प्रत्येकासोबत दोन माणसं द्यावीत, आणि तेवढ्याच दुसऱ्या जिल्ह्यांत फक्त माणसं द्यावीत. वर्षभराने दोन्हीकडच्या पेशंटना सारखेच प्रश्न विचारावेत. मूठ किती सैल आहे हा त्यातला एकच प्रश्न असावा. बाही स्वतः चढवता येते का, तळवा धुताना दुखतं का, घरातलं कोणी यांच्यापायी रोजंदारी सोडून बसलं आहे का, हे बाकीचे. मशीनशिवायही तेवढाच फरक पडला, तर सरकारचे कोट्यवधी वाचतील. मशीनने जास्त पडला, तर मी स्वतः पुढच्या खरेदीसाठी आपल्याकडे खेटे घालीन.

देशात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसांना नव्याने पक्षाघात होतो. त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्याचे हातपाय पुढे ताठर होतात. यांतले बरेच पन्नाशीच्या आतबाहेरचे, कमावते असतात. त्यांचे मोर्चे निघत नाहीत, कारण मोर्च्याला चालत जावं लागतं. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या बायका आणि मुली सकाळी मूठ उघडण्यात गुंतलेल्या असतात.

आपल्या खात्याच्या आणि वैद्यकीय शिक्षण खात्याच्या मध्ये बरीच जिल्हा रुग्णालयं सध्या अडकलेली आहेत. वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं की जिल्हा रुग्णालय तिकडे जोडलं जातं, आणि फिजिओथेरपिस्टची पोस्ट कोणाच्या आस्थापनेवर हा प्रश्न लोंबकळत राहतो. तेव्हा पहिलं पाऊल म्हणून दोन्ही खात्यांच्या सचिवांना एकत्र बसवून एवढीच माहिती मागवावी: कोणत्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्टच्या जागा मंजूर आहेत, त्यांतल्या कोणत्या भरलेल्या आहेत, आणि पक्षाघाताचा पेशंट घरी सोडल्यानंतर किती वेळा परत आला. ही यादी जाहीर करावी. ती हातात आली की मशीन कुठे द्यावं आणि कुठे देऊ नये हे सांगायला माझ्यासारखी जिल्ह्याजिल्ह्यांतली माणसं आनंदाने मुंबईला येतील.

आपली विश्वासू,
मराठवाड्यातील एक फिजिओथेरपिस्ट